ट्रंक कॉल

दुपारी दोनला लँडलाइन वाजला.
मी सांबार निवडत होते. कूलरला नुकतंच पाणी भरलेलं,
बाहेर सेहेचाळीस, मानेवाड्याच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.

'मॅडम, मैं कम्प्युटर कंपनी के हेड ऑफिस से बोल रहा.
आपके कम्प्युटर में वायरस आ गया हो.'

तो शेवटचा 'हो'.
दिल्लीचा नाही, मुंबईचा नाही.
तेहतीस वर्षं सदरच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून बसलेली बाई मी;
नुसत्या खोकल्यावरून काटोल आणि उमरेड
वेगळं काढता यायचं मला.
हा 'हो' इथलाच. तर्रीत बुडवून काढलेला.

कम्प्युटर आहे माझ्याकडे. म्हणजे पोराचा आहे.
तो पुण्याला गेला, हा राहिला,
क्रोशाच्या रुमालाखाली, वर औषधांचा डबा.
'चालू केला,' मी म्हटलं.
'स्क्रीन पे क्या दिख रहा?'
'अंधार.'
'वही तो वायरस है मॅडम.'

हसू आलं.
मग समोरचे निमजे आठवले आणि हसू गेलं.
मागच्या पोळ्याला असाच फोन, असाच गोड मुलगा.
अठ्ठेचाळीस हजार. पेन्शनची थकबाकी होती ती.
तेव्हापासून ते फोनच उचलत नाहीत,
लेकीचाही नाही. ती लावते, लावते,
मग मला लावते:
काकू, बाबा बरे आहेत ना, जरा बघून या.

'एक ॲप उतार लो. नऊ नंबर आएंगे. वो बताओ.'
सांगितले.
इतवारीच्या सुपारीवाल्याचे पहिले दोन,
मेयोच्या कॅज्युअल्टीचे तीन,
आणि रोज रात्री दहाला
भुसावळला बायकोशी बोलणाऱ्या एका गार्डाचे चार.
'गलत बता रहा मॅडम.'
गलत नाही बाळा. मेलेत ते आकडे.
'परत बघते हं. चष्मा शोधते.'

आणि लाइट गेली.
माझा कूलर घरघरत थांबला.
फोनमध्ये, त्याच्या पाठीमागे,
एक कूलर घरघरत थांबला.

काय सांगू, कशी शांतता झाली ती.
कूलरखाली दडलेले आवाज उघडे पडले:
दहा-बारा पोरं, एखाद-दोन मुली,
मॅडम, सर, घबराओ मत, स्क्रीन पे देखो.
डोळे मिटले असते तर आमचाच बोर्ड,
आमचीच दुपारपाळी,
हॅलो वर्धा, हॅलो गोंदिया, बोला, पार्टी लाइनवर आहे.

'तुझ्याकडेही गेली का रे लाइट?' मी मराठीत विचारलं.
तो चूप.
'फीडर एकच दिसतो आपला.'
चूप.
'जेवला का?'
'नाही ना हो मावशी,'
निघून गेलं त्याच्या तोंडून.

घड्याळ पाहिलं. सवय.
'तीन मिनिटं झाली,' मी म्हटलं. 'वाढवू?'
त्याला कळलं नसणार. त्याच्या जन्माआधीचं वाक्य.
फोन त्यानंच ठेवला. आपटला नाही, ठेवला.

संध्याकाळी विरजणाला दही आणायला गेले.
हार्डवेअरच्या दुकानावर दुसरा मजला,
खिडक्यांना पुठ्ठे, खाली 'स्पोकन इंग्लिश'ची पाटी.
पोरं टपरीवर उतरली होती.
'दोन कट दे बे,' एक जण म्हणाला.
तोच.
मी मान वर केली नाही.
आमच्या कामात चेहरे नसायचे.

घरी येऊन एकोणीसशे तीस लावला.
रेकॉर्डवरच्या बाईनं थांबायला सांगितलं. थांबले.
मग खरी बाई आली, दमलेली, पाळी संपत आलेली;
ऐकलं की कळतं.
'ठिकाण सांगा,' म्हणाली.

समोर निमजेंच्या घरात फोन वाजत होता.
'एक मिनिट,' मी म्हटलं,
आणि कितीतरी वर्षांनी
कुणाला तरी होल्डवर ठेवलं.